जिथं बाण पडेल, तिथं चहा

दिग्रसचं कोणी भेटलं की दहा मिनिटांत विषय बाणांवर येतोच. एक जण म्हणतो, "मास्तर, ते कुरड्यांचं सांगा!" दुसऱ्याला जमादाराचं हवं असतं. मी ठरवतो की एकच सांगायचा आणि उठायचं. पण किस्से कापसाच्या गंजीसारखे असतात. खालून मूठभर ओढला की वरचा सगळा अंगावर येतो! मग चहा थंड होतो, बायको आत भांडी आपटते आणि मी आपला सांगतच बसतो.

आम्ही पाच जण होतो. काळे सर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. बाण उडवायच्या मंडळाची कल्पना त्यांची, म्हणून ते अध्यक्ष. शामराव कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. बंद पडलेलं मशीन त्यांनी नुसता पाना हातात घेतला तरी घाबरून सुरू व्हायचं. इस्माईलभाई लग्नावरातींसाठी शोभेची दारू बनवायचे. नाना रिटायर्ड पोस्टमास्तर. ते नेमकं काय करायचे हे कोणाला कळलं नाही, पण स्वतःची खुर्ची घेऊन यायचे, म्हणून उपाध्यक्ष. आणि मी ड्रॉइंग मास्तर. बाण रंगवणं माझ्याकडे.

मैदान बैलबाजाराचं. बाजाराचा दिवस सोडला तर तिथं शेणाशिवाय कोणी नसायचं. कापसाचा हंगाम असेपर्यंत काडीसुद्धा पेटवायची नाही अशी जिनवाल्यांची तंबी होती. म्हणून पाडवा झाला की आमचे बाण सुरू व्हायचे ते मृग लागेपर्यंत. दर रविवारी, सकाळी आठ वाजता.

* * *

रशियानं माणूस आभाळात फिरवून आणला, त्या उन्हाळ्यात काळे सर मला घेऊन इस्माईलभाईंकडे गेले. सरांनी वहीतलं चित्र दाखवलं. कागदाची नळी, खाली पंख, वर लाकडाचं नाक, पोटात मलमलीची छत्री. बाण वर जाईल, छत्री उघडेल आणि तो सावकाश खाली येईल.

इस्माईलभाईंनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "सर, शादी का बाण ऊपर जाता, फुटता, खतम. अन् तुमको वापस भी होना?"

"हो, तीच तर गंमत आहे!"

"अरे बाप्पा! रुसके मायके गई बीवी वापस लाने का काम है ये. मेरे से मेरी नहीं आती!"

तरी ते आले. बीवीसुद्धा आठ दिवसांनी आली, पण त्यात विज्ञानाचा काही हात नव्हता.

* * *

पहिला बाण उडाला नाही. तो निघाला!

सरांनी वात पेटवली, मागं सरकले, आणि बाण आडवा पडून त्यांच्याच मागं लागला. सर पुढं, बाण मागं, मैदानात अर्धी चक्कर. धोतराचा सोगा हातात, एक चप्पल शेणात रुतलेली, आणि तशा अवस्थेत सर आम्हाला ओरडून सांगतायत, "पळू नका! शास्त्रीयदृष्ट्या पळायची गरज नाही!"

बाण विझल्यावर शामराव शांतपणे चप्पल घेऊन आले. "सर, तुमची छत्री मात्र टायमावर उघडली," ते म्हणाले, सुटलेल्या धोतराकडे पाहून.

* * *

तिसऱ्या की चौथ्या रविवारी बाण छान वर गेला, छत्री उघडली, आणि वाऱ्यानं तो गावावर नेला. उन्हाळ्यात आमच्याकडे वारा पश्चिमेकडून येतो आणि गाव मैदानाच्या पूर्वेला, त्यामुळे हे रोजचंच झालं. त्या दिवशी तो गोपिकाबाईंच्या माडीवर उतरला, वाळत घातलेल्या कुरड्यांमध्ये. काळ्या राखेसकट.

बाई लाटणं घेऊन मैदानावर आल्या. "चंद्रावर पाठवा नाही तं इंद्रावर पाठवा! माह्या कुरड्या कोण भरून देईन?"

सर म्हणाले, "बाई, हा विज्ञानाचा प्रयोग—"

"मंग तुमचं विज्ञान सोऱ्या फिरवते काय?"

फिरवावा लागला. पुढच्या दिवशी पहाटे आम्ही पाच बाप्ये त्यांच्या माडीवर कुरड्या पाडत होतो. शामरावांच्या कुरड्या तारेच्या गुंडाळ्यासारख्या एकसारख्या, नानांच्या कुरड्या म्हणजे निव्वळ अपघात. काम झाल्यावर गोपिकाबाईंनी चहा ठेवला. आम्ही चार जणांनी घेतला. नाना म्हणाले, "मी बाहेर घेत नाही."

झालं! बाई पुन्हा पेटल्या. "चहा घेत नाही म्हंजे राग धरला? मंग मीबी धरते!"

तेव्हा काळे सरांनी नियम केला आणि मंडळाच्या वहीत लिहिला. ज्याच्या घरी बाण पडेल त्याची माफी मागायची, नुकसान भरून द्यायचं, आणि पाचही जणांनी तिथं चहा घ्यायचा. पाचातल्या एकानं जरी नाही घेतला तरी भांडण मिटलं नाही असं समजायचं.

नाना आठ दिवस घुम्यासारखे बसले. मग त्यांनी तोड काढली. घरून पितळी फुलपात्र आणायचं, कोटाच्या खिशात ठेवायचं, आणि कुठंही गेलं की चहा त्यात वरून ओतून घ्यायचा. कपाला स्पर्श नाही, नियमालाही धक्का नाही. पोस्टातला माणूस, कलमं बरोबर वाचायचा!

ते फुलपात्र मग गावभर हिंडलं. इस्माईलभाई म्हणायचे, "नाना, आपका गिलास मेरे से ज्यादा घर घूम के आया है."

* * *

बासष्टच्या लढाईनंतरच्या उन्हाळ्यात ठाण्यातून जमादार आले. कोणी तरी अर्ज केला होता की मास्तर लोक तोफ उडवतात.

जमादारांनी बाणाभोवती दोन फेऱ्या मारल्या. कागद काढला. "हे कोनाच्या दिशेनं आहे?"

"वर," सर म्हणाले.

जमादारांनी लिहिलं, 'वर'. मग पेन्सिल थांबली. "वर कोन राह्यते?"

नाना खुर्चीतून म्हणाले, "माझे वडील."

"त्याहिची तक्रार आहे काय?"

"अजून तरी पत्र नाही."

जमादारांनी तेही लिहिलं! बाण उडवून दाखवा म्हणाले, दाखवला, तो नेमका ठाण्याच्या आवारात उतरला. नियमाप्रमाणे आम्ही पाचही जण ठाण्यात चहा प्यालो. मास्तर लोकांना धरून नेलं म्हणून गावात बातमी झाली, आणि माझी बायको रडत ठाण्यापर्यंत आली. मी तिथं जमादारांच्या टेबलाशी बसून दुसरा कप घेत होतो. ती जे बोलली ते इथं सांगता येत नाही.

* * *

आता शेठजींच्या घरचं. हे सांगताना मी थोडा खाली पाहतो, तेवढं समजून घ्या.

बाण एका कापूसवाल्या शेठजींच्या अंगणात पडला. मोठं घर, ट्रेमध्ये फुलाफुलांचे चार कप आले. पाचवा कप गडी ओसरीच्या कोनाड्यातून काढून घेऊन आला. कान तुटलेला, कडेला तडा. तो त्यानं शामरावांच्या पुढं जमिनीवर ठेवला.

शामराव छप्पन साली बौद्ध झालेले. राहायचे मैदानाच्या पश्चिमेच्या वस्तीत. हे सगळ्यांना माहीत होतं, शेठजींनाही. आम्हालाही दिसत होतं. आम्ही चौघं पाहत होतो आणि पीत होतो. आजही आठवलं की स्वतःची लाज वाटते.

शामरावांनी कपाला हात लावला नाही. हसले. "शेठजी, छप्पनच्या दसऱ्याले मी नागपूरले गेलतो. तवापासून वाकून चहा घेत नाही. अन् आमचा नियम मोठा वंगाळ आहे. पाच जनाईनं घेतल्याबिगर भांडन मिटत नाही. पुढच्या आयतवारी येतो."

पुढच्या रविवारी बाण शेठजींच्याच अंगणात पडला!

पुन्हा तोच कप. पुन्हा शामराव हसले, "पुढच्या आयतवारी येतो." तिसऱ्या रविवारी बाण अंगणातल्या तुळशीपासून दोन हातांवर. तोपर्यंत गावातली माणसं शेठजींच्या घरासमोर आधीच येऊन उभी राहायला लागली होती.

चौथ्या रविवारी आम्ही वात पेटवायच्या आत शेठजींचा गडी धापा टाकत मैदानावर आला. हातात ट्रे, ट्रेमध्ये फुलाफुलांचे पाच कप. सगळे सारखे, सगळ्यांना कान. "शेठजी म्हनते इथंच घ्या. पन आता आमच्याकडे पाडू नोका बाप्पा!"

शामरावांनी फुंकर मारून चहा घेतला. सरांनी हळूच विचारलं, "शामराव, तीनदा एकाच अंगणात? हे जमवलं कसं?"

"वारा होता, सर."

* * *

एकदा बाण पार गावाबाहेर गेला. सायकलींवर पाठलाग केला तर तो सापडला बंजाऱ्यांच्या तांड्यावर. तिथल्या म्हाताऱ्या याडीनं, म्हणजे त्यांच्या आईनं, छत्री काढून मांडीवर घेतली होती आणि ती देईना. "पांढरी कायले? मेल्या मानसाची आहे काय? आठ दिवसांनी या."

आठ दिवसांनी गेलो तर त्या मलमलीला लाल-पिवळ्या धाग्यांनी टाके घालून आरसे बसवलेले! सर कपाळाला हात लावून म्हणाले, "वजन वाढलं!" पण ती छत्री आभाळात उघडली की असं लखलखायचं की बाजारातली माणसं तराजू धरून वर पाहत राहायची. पुढं तीच वापरली.

चहा झाला. नानांनी खिशातून फुलपात्र काढलं. याडी बघतच राहिली. मग झोपडीत गेली आणि एक कप घेऊन आली.

"याच्या घरी कप नाही वाटते बिचाऱ्याच्या. घे बापा, घेऊन जाय."

आम्ही हसू दाबायला एकमेकांच्या मागं लपलो. नानांना कप घेताही येईना, नाही म्हणताही येईना. परत येताना ते सायकलवर सगळ्यात मागं होते. मग एकदम म्हणाले, "मला भिकारी समजली ती."



* * *

सरांना एकदा लहर आली. बाण हेलकावे खातो, म्हणून त्यांनी लाकडी नाकात शिशाची गोळी बसवली. आणि काय झालं! रोज गावाकडे जाणारा बाण उलटा फिरला, वाऱ्याच्या अंगावर चालून गेला पश्चिमेला, आणि छत्री उघडून कोंडवाड्यात उतरला. तिथं एक म्हैस होती. म्हशीनं कुंपण तोडलं, पाठोपाठ अठरा जनावरं दंड न भरता घरी गेली. गावानं आम्हाला पहिल्यांदाच मनापासून शाबासकी दिली.

सर मात्र खुश होते ते वेगळ्या कारणानं. शेणातच काडीनं चित्र काढून त्यांनी आम्हाला समजावलं, "नाक जड झालं की बाण वाऱ्यात तोंड घालतो. म्हणून तो पश्चिमेला गेला. लक्षात आलं?"

इस्माईलभाई जांभई देत होते. मी ब्रश धूत होतो. नाना खुर्चीत डोळे मिटून घोरत होते.

"शिसं काढून टाका," सर म्हणाले. "पुन्हा नाक जड नको." आणि ते काढलं.

* * *

मैदानाच्या पश्चिमेला कोंडवाडा आणि त्याच्या पलीकडे शामरावांची वस्ती. एवढ्या वर्षांत तिथं एकदाही बाण पडला नव्हता. वाराच तसा. आणि बाण पडल्याशिवाय शामरावांकडे चहाला जावं, हे आमच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. काळे सरांच्या नाही, माझ्याही नाही. मी माझ्या वर्गातल्या मुलांना समतेचे धडे फळ्यावर सुंदर अक्षरात काढून देत होतो!

मला कळलं ते शामरावांच्या बायकोमुळे. अनुसयाबाई एकदा जिनिंगच्या फाटकाशी शामरावांचा डबा घेऊन आल्या होत्या. मी तिथून चाललो होतो. मला म्हणाल्या, "मास्तर, तुमचा तो बान आमच्याकडे कवा येते जी?"

"का हो?"

"पयल्याच साली पाच कप आनले मी बाजारातून. निळ्या काठाचे. दर आयतवारी सकाळी धुवून, पुसून ठेवते. दुपारी उचलते. तीन वर्सं झाले. चहा नाही, नुसती धूतच राह्यली मी!" हसत सांगितलं त्यांनी, पण डोळे हसत नव्हते.

त्या रविवारी मी शामरावांना बाजूला घेतलं. "तुम्ही शेठजींकडे तीनदा पाडलात. मग एकदा स्वतःच्या घरावर पाडा ना!"

"मी पाडलो तं ते आमंत्रन झालं, मास्तर. आमंत्रनाले नाही म्हनता येते. ते पडलं पायजे."

"मग मी तसा येतो. आजच येतो."

"तुम्ही यान. सर येतीन. इस्माईलभाई तं येतेच." त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. नाना पेपर वाचत होते. "पन पाच कप आहेत तिच्यापाशी. चार नाहीत. अन् एक सांगून ठेवतो, माह्या घरी ते फुलपात्र निघालं नाही पायजे. कपात घ्या, नाही तं येऊ नोका. ती तीन वर्सं कप धुते ते कोनाच्या डबड्यात चहा ओताले नाही."

हे ते हळू बोलले नाहीत. नानांनी पेपरचं पान उलटलं. तेवढंच.

* * *

आणि आता शेवटचा.

मृगाला तीन दिवस राहिले होते. हंगामाचा शेवटचा बाण. आणि शामरावांची बदली झाली होती, मालकांच्या पुसदच्या जिनात. मंगळवारी बिऱ्हाड हलणार होतं. अनुसयाबाईंनी भांडी पोत्यात बांधायला घेतली होती. पाच कप मात्र अजून बाहेर होते, हे मला शामरावांनीच सांगितलं. "म्हनते, आयतवार होऊन जाऊ द्या."

सगळ्यांचाच चेहरा उतरलेला. शामराव नळी आणि पंख घेऊन आले. पण नाक नव्हतं. बांधाबांधीत लेथवर करायला सवड होणार नाही, असं ते मागच्या रविवारीच म्हणाले होते.

"नाकाची काळजी नको," नाना म्हणाले. "मी घरून करून आणलंय."

आम्ही थक्क झालो! चार वर्षांत नानांनी मंडळासाठी केलेलं हे पहिलं काम. तपकिरी कागद खळ लावून वर टोकदार गुंडाळलेला, पोस्टातल्या पार्सलसारखा चारी बाजूंनी चिकटवलेला. शामरावांनी तो हातात घेतला, क्षणभर हातावर तोलला, नानांकडे पाहिलं, आणि काही न बोलता नळीवर बसवला. मी त्याच्यावर लाल रंग फासला. मलाही जरा जड वाटलं, पण ड्रॉइंग मास्तरला वजनातलं काय कळतं? सर शाळेतून आणलेल्या स्टॉपवॉचला चावी देण्यात गुंतले होते. इस्माईलभाई म्हणाले, "आखरी है, मसाला थोडा ज्यादा भरा हूँ."

वात पेटली. बाण उठला, सरळ गेला, आणि माडीच्या उंचीवर गेल्यावर वळला. पश्चिमेला!

"अरे! उलटा कसा काय?" सर ओरडले.

तो कोंडवाड्यावरून गेला, वस्तीवरून गेला, पार पलीकडच्या शेतावर जाऊन छत्री उघडली. सगळे आरसे लखलखले. आता वाऱ्यानं तो परत फिरला, सावकाश, डुलत डुलत. आम्ही धावत होतो. इस्माईलभाई मधेच "या अल्ला, थोडा इधर, थोडा इधर" म्हणत हातानं आभाळाला इशारे करत होते. कोंडवाड्याशी पोचलो तोवर तो वस्तीवर आला, एका लिंबाला चुकवून गेला, आणि ठण्णकन आवाज झाला.

शामरावांच्या घराच्या टिनावर!

शामराव जागेवरच थांबले. मीच त्यांचा हात धरला.

अनुसयाबाई दारात होत्या. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाल्या, "बसा जी." घोंगडी आधीच अंथरलेली होती. आत स्टोव्ह सुरू झाला. आम्ही बसलो. नाना सगळ्यात शेवटी आले, कारण ते खुर्ची मैदानातच ठेवून पायी धावले होते. दम लागलेला. तेही घोंगडीवर बसले, मांडी घालून.

पाच कप आले. निळ्या काठाचे.

चार उचलले गेले. पाचवा नानांच्या पुढं. नानांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला. शामराव बघत होते. अनुसयाबाई दाराची चौकट धरून बघत होत्या. नानांनी एक खिसा चाचपला. दुसरा चाचपला. दोन्ही हात रिकामे बाहेर आले. मग त्यांनी कप उचलला, कपाळावरचा घाम पुसला, आणि बशीत न ओतता, सगळ्यांच्या समोर, कपाच्या काठाला ओठ लावून चहा प्यायला.

स्टोव्हचा तेवढा आवाज.

शामराव उठून बाहेर गेले. शिडी लावल्याचा आवाज आला, मग टिनावर पावलं वाजली. थोड्या वेळानं ते बाण घेऊन आत आले. पडताना नाकाचा कागद फाटला होता. लाल रंगाखालून पितळ चमकत होतं. शामरावांनी उरलेला कागद सोलून काढला आणि एका बाजूनं चेपलेलं फुलपात्र घोंगडीवर, नानांच्या समोर ठेवलं.

काळे सरांनी फुलपात्राकडे पाहिलं, मग नानांकडे. तोंड उघडं ते उघडंच.

"काळे, नाक जरा जड झालं वाटतं," नाना म्हणाले, आणि रिकामा कप पुढं केला. "अर्धा अजून द्या, बाई."